अहमदीतली खोती

माझे वडील 'फार्मर' आहेत असं मी साहेबाला सांगितलं, ते फुशारकी म्हणून नव्हे. दुसरा शब्दच सुचला नाही. शाळेत इतिहासाच्या मास्तरांनी 'खोत' या शब्दाचं इंग्रजी 'फार्मर ऑफ रेव्हेन्यू' असं करून दिलं होतं आणि मी ते इमानानं घोकलं होतं. मुंबईहून बोटीनं कुवेतला येईपर्यंत त्यातलं 'ऑफ रेव्हेन्यू' कुठंतरी समुद्रात पडलं असावं. नुसता फार्मर उरला.

कोकणाबाहेरच्या वाचकाला खोत समजावून सांगावा लागतो. सरकारात गावाचा ठरलेला सारा भरायचा आणि मग गावाकडून जमेल तितकं काढून घ्यायचं, हा खोताचा धंदा. शेत कसायचं कुळांनी. पीक उभं असताना खोतानं बांधावर जायचं, नुसत्या नजरेनं किती भात होईल ते ठरवायचं आणि त्यातला अर्धा वाटा आपला म्हणून सांगायचं. याला अभावणी म्हणत. पुढं वारं सुटून पीक आडवं झालं तरी अभावणीचा आकडा उभाच राही. शिवाय कुळानं वेठीला यायचं, म्हणजे खोताचं घर फुकट शाकारायचं, लाकडं फोडायची. सणावाराला कोंबडी, भोपळा, अंडी आणून द्यायची. वडिलांच्या पायाला चिखल लागलेला मी कधी पाहिला नाही. बांधावर ते छत्री घेऊन जात आणि जोडे न भिजवता परत येत.

मी कुवेतला आलो तेव्हा कायद्यानं खोती गेलेली होती. वडिलांना मात्र ते कुणी नीटसं सांगितलं नसावं.

मी मीना अल-अहमदीच्या बंदरावर, तेल कंपनीच्या स्टोअर्स खात्यात कारकून होतो. पन्नासचं दशक सरत आलं होतं. साहेब खात्याचा प्रमुख. तांबूस, उंच, शब्दकोडी सोडवणारा, आणि प्रामाणिकपणाचं थोडं वेड असलेला. एकदा चहाच्या सुट्टीत त्यानं विचारलं, "तुझे वडील काय करतात?" इंग्रजीत तू-तुम्ही नाही ही फार सोयीची गोष्ट. मराठीत तो मला काय म्हणाला असता याचा मी पुष्कळ विचार केला आहे. इथे 'तू' लिहितो. तेच खरं असणार.

"फार्मर आहेत," मी म्हणालो.

साहेबानं कप खाली ठेवला. त्याचे आजोबाही फार्मर होते म्हणे. "म्हणजे आपण दोघं मातीतली माणसं," तो म्हणाला आणि माझ्याकडे अशा मायेनं बघू लागला की मला लगेच चोरी केल्यासारखं वाटायला लागलं. तसं मला कशानंही वाटतं. कुणाच्या पायावर पाय पडला तर मी नुसती माफी मागून थांबत नाही. त्या माणसाला थांबवून ठेवतो आणि माझ्या घराण्याचे सगळे अपराध सांगू लागतो. माझ्या ओळखीची माणसं आपले पाय जपून ठेवतात.

त्या चहानंतर मी साहेबाच्या बागेचा सल्लागार झालो.

अहमदीत, म्हणजे कंपनीनं वसवलेल्या गावात, साहेबलोकांचे बंगले रांगेनं होते, प्रत्येकाला कण्हेरीचं कुंपण आणि पुढं वाळूचा एक चौकोन. त्या चौकोनात इंग्लंड उगवावं म्हणून साहेबलोक वर्षभर झटत. वसंतात त्यांचं एक प्रदर्शन भरे. लांब टेबलांवर टोमॅटो, काकड्या, फुलं मांडत, आणि हॅट घातलेली एक बाई प्रत्येक टोमॅटोकडे तो नोकरी मागायला आल्यासारखं बघत फिरे. आमच्या साहेबाच्या टेबलावर दरवर्षी पुदिन्याची एक जुडी असे. त्याचं त्याला फार लागे.

आणि साहेब क्वार्टर देणाऱ्या कमिटीवर होता. इथं माझी गोष्ट सुरू होते. लग्नाला वर्ष व्हायच्या आत मी इकडं आलो होतो. बायको गावी, सासूच्या हाताखाली. फॅमिली क्वार्टर मिळाल्याशिवाय तिला आणता येत नव्हतं, आणि क्वार्टर थोडे, कारकून पुष्कळ. मला दुसरं काही नको होतं. बढती नको होती, रेडिओ नको होता. ती यायला हवी होती. साहेबानं बागेचं काम सांगताना "क्वार्टरचं बघू" असं काहीतरी पुटपुटल्याचं मला ऐकू आलं. खरंच पुटपुटला का, हे आज शपथेवर सांगता येणार नाही.

माझ्या खोलीत पुण्याचा एक कारकून राहत असे. त्याला ही बातमी सांगितली तेव्हा तो दाढी करत होता.

"तुला टोमॅटो येतात?" त्यानं आरशातूनच विचारलं.

"खायला येतात."

"मग झालं तर. तुझ्या बायकोची वाट आता टोमॅटोच्या वाफ्यातून जाते म्हणायची. जपून पाय टाक."

अहमदीत पाण्याचा टँकर चालवणारा एकजण आमच्याच गावचा होता. गाव म्हणजे आमचं घर वरच्या अंगाला आणि त्यांचा मोहल्ला खाली खाडीकाठी. त्याचा बाप आमचं कूळ. बाप आमच्याकडे वेठीला येई तेव्हा हाही बरोबर यायचा. मी पडवीत पाढे म्हणत असे आणि हा खाली अंगणात लाकडं रचत असे. आता तो कंपनीचा ड्रायव्हर होता, डोळ्यांवर काळा चष्मा लावी आणि अरबीत भांडू शकत असे. मी त्याला गाठलं ते पाणी भरायच्या स्टँडवर.

"भाई, तुम्ही जरा वेळ काढाल का?"

त्यानं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. "तू म्हना, खोतानू. तुमच्या तोंडी 'तुम्ही' आला का मना वाटतं, काय तरी मागनार."

"मागायचंच आहे."

"मग तुम्हीच बरा."

मी सगळं सांगितलं. त्याला हसू आवरेना. "मना शेतातला काय कळतंय? मी मिसरूड फुटायच्या आदी बोटीवर चढलो. भात बोटीवरनं हिरवा दिसतो, तवढाच मना म्हायती."

"पण तुझे वडील तर..."

"बाबानं केला. तुमच्या बाबानं बघितला. आपन दोघं त्यातनं सुटलो. आता कशाला परत त्या फंदात? साहेबाला सांगून टाका, मना नाय येत."

"मला बायकोला आणायचंय."

त्यानं पाण्याचा नळ बंद केला. त्याचीही बायको गावीच होती. ड्रायव्हर लोकांना फॅमिली क्वार्टर नसतच. अर्ज करायचा प्रश्न नव्हता. हे मला त्या क्षणी आठवलं आणि मी त्याबद्दल माफी मागू लागलो. "ऱ्हावदे," तो म्हणाला. "माफीनं टोमॅटो येत नाय. पानी पायजे. पानी मी देतो."

अहमदीत पाणी दोन जातींचं. मचूळ पाणी बागांना, धुण्यापुसण्याला. गोडं पाणी पिण्यापुरतं. ते टँकरनं येई आणि बागेला घालायला सक्त मनाई होती. फेरी संपल्यावर टाकीच्या तळाला थोडं उरे ते ओतूनच द्यावं लागे. ते साहेबाच्या कुंपणामागं ओततो, असं तो म्हणाला. कुणाचं काही जात नव्हतं. नियमाचं मात्र जात होतं.

काम सुरू झालं. पहिल्या दिवशी मीही फावडं घेतलं. हाताला फोड आले ते मी त्याला दाखवले. "बघितले," तो म्हणाला, "आता बाजूला व्हा, सावली पडते तुमची." मी बाजूला झालो. मेंढ्यांच्या बाजारातून लेंड्या त्यानं आणल्या, वाळूत कालवल्या त्यानं, आणि ऊन लागू नये म्हणून पोत्यांचा आडोसाही त्यानंच बांधला. मी वाफ्याच्या कडेला उभा राहून मनापासून आभार मानत होतो. पहिली रोपं आम्ही दोघांनी मिळून मारली. तो म्हणाला पाणी कमी पडलं, मी म्हणालो जास्त झालं. दोघांनाही काही कळत नव्हतं, फक्त मला ते इंग्रजीत सांगता येत होतं. साहेब आला की मी मातीचा गोळा उचलून बोटांत चुरडत असे. हे मी कुठल्याशा सिनेमात पाहिलं होतं.

दुसरी रोपं धरली. कशी धरली ते ठाऊक नाही. हिवाळ्यात बघता बघता वाफा हिरवा झाला, फुलं आली, आणि पहिल्या तोडीच्या आदल्या दिवशी साहेबानं सहज विचारलं, "किती निघतील?"

मी वाफ्यावरून नजर फिरवली. आणि न थांबता म्हणालो, "दोन टोपल्या. दुसरी काठोकाठ नाही भरणार."

दोन टोपल्या निघाल्या. दुसरी काठोकाठ भरली नाही. साहेब माझ्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं, हे पिढ्यान् पिढ्या मातीत राबल्याचं ज्ञान. ते पिढ्यान् पिढ्या बांधावर उभं राहिल्याचं ज्ञान होतं. बागेतल्या साऱ्या खटाटोपात मला खरोखर येत होतं ते एवढंच, आणि ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मग वाटे झाले. साहेबानं चांगली टोपली घेतली. दुसरी "तुझी" म्हणाला. ती मी आमच्या मेसमध्ये आणली, पुण्याच्या मित्रानं कोशिंबीर केली, सगळ्यांनी वाहवा केली. जे टोमॅटो तडकले होते ते मी वेगळे काढून टँकरवाल्याला नेऊन दिले. फार प्रेमानं दिले. कागदात गुंडाळून दिले.

त्यानं पुडी उघडली. एक टोमॅटो उचलून त्याची फट बघितली.

"तुमचा बाबा तरी अर्धा ठेवायचा," तो म्हणाला. रागानं नव्हे. मग तो टोमॅटो शर्टाला पुसून त्यानं खाल्ला.

त्या वाक्यानं माझी झोप गेली. पुण्याच्या मित्राला मी रोज त्यावर बोलून दाखवत असे. शेवटी तो म्हणाला, "अरे, मग पुढच्या तोडीला अर्धे दे त्याला. संपला विषय." पण इतक्या साध्या उपायानं माझं समाधान होण्यासारखं नव्हतं. अर्धे टोमॅटो दिले असते तर टोमॅटो गेले असते. मला पाप घालवायचं होतं. त्यासाठी ते कुणाला तरी सांगायला हवं होतं, आणि सांगण्यासारखा मोठा माणूस एकच होता.

एका शुक्रवारी सकाळी मी साहेबाच्या बंगल्यावर गेलो. तो व्हरांड्यात कोडं सोडवत बसला होता. मी उभ्यानंच सुरुवात केली. माझे वडील फार्मर नाहीत. त्यांनी कधी नांगर धरलेला नाही. ते सरकारचा ठरलेला वसूल भरत आणि लोकांकडून धान्य घेत. मी आपल्याला फसवलं.

साहेबानं सगळं ऐकून घेतलं आणि हसत आत गेला. मला वाटलं राजीनाम्याचा कागद आणतो. त्यानं आणला एक जाडजूड शब्दकोश. टेबलावर ठेवला तेव्हा कप हलले.

"बस," तो म्हणाला. "तुझे वडील फार्मर नाहीत, तर जगात कुणीच फार्मर नाही."

मग त्यानं मला जे सांगितलं ते मी पुढं स्वतःही ताडून पाहिलं. 'फार्म' या शब्दाचा मातीशी मुळात काही संबंधच नव्हता. लॅटिनमधला तो शब्द. अर्थ, पक्की ठरवलेली रक्कम. मध्ययुगात राजाला किंवा मठाला ठरलेली रक्कम द्यायची आणि मग गावाकडून आपल्याला हवं ते वसूल करायचं, असं कंत्राट घेणारा तो फार्मर. शेत कसणाऱ्याला तेव्हा दुसरी नावं होती, आणि त्यातली बरीचशी पुढं शिव्या झाली. त्याहूनही जुना, तसाच एक इंग्रजी शब्द होता. त्याचा अर्थ जेवण, शिधा. राजा लवाजमा घेऊन गावावरून चालला की एका रात्रीचं खाणंपिणं गावानं पुरवायचं. ते त्या गावाचं 'फार्म'. दोन्ही शब्द पुढं एकमेकांत मिसळले असं काहीजण मानतात, काही मानत नाहीत. मग वसुलीचं कंत्राट घेणारे जमिनीच खंडानं घेऊ लागले, मग खंडानं घेतलेल्या जमिनीला फार्म म्हणू लागले, आणि काही शतकांनी कधीतरी, ज्याच्या हाताला माती लागते त्याला लोक फार्मर म्हणायला लागले.

"तेव्हा तू शब्द बरोबर वापरलास," साहेब म्हणाला. "फक्त चारपाचशे वर्षं उशिरा."

मला आमच्या शब्दाची कीव आली. इंग्रजांचा शब्द निवांत शतकं घेत बांधावरून वाफ्यात उतरला. तो उतरला असंही म्हणता येणार नाही. धन्याचा जुना कोट गड्याच्या अंगावर चढला, इतकंच. आमचा 'खोत' कायद्याच्या एका फटक्यात रिकामा झाला. आता कुणाचं ते आडनाव आहे. घाटावर उभं पीक उक्तं विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याला खोत म्हणतात. आणि आमच्या घरी वडील अजून ते नाव गळ्यातल्या जानव्यासारखं सांभाळून आहेत. चिखलात उतरायला मात्र तो शब्द कुठंच तयार झाला नाही.

साहेब रंगात आला होता. त्यानं हात फिरवून समुद्राकडचा सगळा पसारा दाखवला, टाक्या, नळ, धक्क्याला लागलेली जहाजं. "आणि आम्ही तरी कोण आहोत? इथल्या राजाला ठरलेलं देतो आणि जमिनीतून निघेल तेवढं काढतो. जुन्या इंग्रजीत या सगळ्याला एकच शब्द आहे. मी फार्मर, तू फार्मर. आपण खरंच एका जातीचे निघालो."

असं एखादा साहेब खासगीत बोलला की कारकुनानं हसायचं असतं. मी हसलो. पण आतून खट्टू झालो होतो. मी माफी मागायला गेलो होतो आणि मला प्रमाणपत्र मिळालं होतं. पाप तसंच्या तसं खिशात होतं. तेवढ्यावर उठून यायला हवं होतं. मी उठलो नाही. म्हणालो, "आणखी एक आहे."

आणि टँकरवाल्याचं सांगितलं. बाग त्यानं केली, राबला तो, मी नुसता उभा राहिलो. गोडं पाणीही तोच घालतो, स्वतःचा वेळ मोडून. हे सांगताना किती हलकं वाटत होतं.

साहेबाचा कप हवेतच थांबला.

"गोडं पाणी?" तो म्हणाला. "माझ्या बागेला?"

मी सांगितलंच आहे की साहेबाला प्रामाणिकपणाचं वेड होतं. त्यानं दुसऱ्या दिवशी आपण होऊन वरच्यांना कळवलं की त्याच्या बागेला नकळत पिण्याचं पाणी घातलं गेलं, आणि त्याबद्दल तो दिलगीर आहे. वरच्यांनी त्याच्या सचोटीचं कौतुक केलं. टँकरवाल्याला शहरफेरीवरून काढून वाळवंटातल्या तेलविहिरींच्या तळावर पाठवलं. दोन प्रामाणिक माणसांच्या मध्ये तिसऱ्यानं कधी सापडू नये.

जाण्याआधी तो आमच्या खोलीवर आला. पुण्याच्या मित्रानं त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही.

"खोतानू, तुमचा मन हलका झाला?"

मी खुर्ची त्याच्या आणखी जवळ सरकवली.

"तुमचा मन हलका झाला, माजा काम जड झाला. पुढच्या टायमाला हलका करायचा असंल तर डॉक्टरकडं जावा." चष्मा कपाळावर चढवून त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "बायको यायची हाय ना तुमची? मग आता तोंड बंद ठेवा. ती आल्यावर काय बोलायचा तो तिला बोला. तिला सवय होईल."

"मी साहेबाला सांगतो, तुला परत..."

"नको. तुम्ही सांगितलात का मी बसऱ्याला पोचंन."

तिथून तो थेट साहेबाच्या बागेत गेला. मी मागोमाग. त्यानं बरोबर आणलेलं पोतं पसरलं आणि वाफ्यावरचे सगळे टोमॅटो तोडायला सुरुवात केली. लाल, पिवळे, हिरवे, बोराएवढेसुद्धा. एकही ठेवला नाही. मी कडेला उभा होतो आणि मनात नकळत अंदाज बांधत होतो. एक पोतं, वर थोडं. साहेबाची मड्डम खिडकीत आली. "प्रदर्शनासाठी का?" तिनं विचारलं. "हो," मी म्हणालो. तो पोतं खांद्यावर टाकून निघून गेला.

दोन आठवड्यांत मचूळ पाण्यानं झाडं जळाली. प्रदर्शनात साहेबाच्या टेबलावर पुदिन्याची जुडी होती.

यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगायला लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणूनच सांगावंसं वाटतं, म्हणून थोडक्यात सांगतो. टँकरवाला तळावर उन्हात भाजत होता. त्यानं नको म्हटलं होतं हे खरं. पण त्याच्यासाठी शब्द टाकायला मी गेलो नाही ते त्यानं नको म्हटलं म्हणून नव्हे. क्वार्टरची यादी लागायची होती. साहेब बागेवरून आधीच नाराज. आणखी काही बोललो तर नाव कटेल, ही भीती. मी रोज ठरवत असे, यादी लागू दे, मग जातो. पुण्याचा मित्र म्हणाला, "तुझी सदसद्विवेकबुद्धी पण सरकारी नोकर आहे रे. यादी लागल्याशिवाय कामावर येत नाही."

यादी लागली. माझं नाव होतं. मी साहेबाचे आभार मानायला गेलो तेव्हा तो गोंधळला. यादी नोकरीच्या सालांवरून लागत असे, आणि ती टोमॅटो लावायच्या आधीच ठरलेली होती. कमिटीवर तो फक्त नळ आणि दिवे बघत असे.

तेव्हा मी धीर करून टँकरवाल्याचा विषय काढला. "तो?" साहेब म्हणाला. "तो तर परत आला ना, केव्हाच."

खरंच आला होता. ते पोतं त्यानं तळावर जाताना गाड्यांच्या फेऱ्या लावणाऱ्या कारकुनाच्या घरी उतरवलं होतं. लाल खायला, हिरवे लोणच्याला. आणि बरोबर एकच शब्द, भेट. उन्हाळा ऐन भरात यायच्या आत त्याची शहरफेरी परत सुरू झाली होती. शब्दकोशात जो अर्थ सर्वांत जुना म्हणून दिला होता, मोठ्या माणसाच्या घरी पोचवायचा शिधा, तो त्याला कुणी वाचून दाखवायची गरज पडली नव्हती. त्याच्या घरानं तो आमच्या पडवीत पिढ्यान् पिढ्या आणून दिला होता. फरक इतकाच की या वेळी त्याचं काम झालं.

बायको आली ती बोटीनं. धक्क्यावरून सामान आणायला टँकरवाल्यानं कुणाची तरी पिकअप आणली. मी सांगितलं नव्हतं. ती पुढं त्याच्या शेजारी बसली, मी मागं ट्रंकांबरोबर. काच उघडी होती. गावच्या बोलीत त्यानं तिला सगळी गोष्ट सांगितली, आणि ती इतकी हसली की पदर तोंडाला लावून बसली. लग्नानंतर मी तिला असं हसवल्याचं मला आठवेना.

क्वार्टरच्या मागच्या दाराशी हातभर वाळू होती. दुसऱ्याच आठवड्यात तिनं तिथं भांड्यांच्या पाण्यावर मेथी पेरली. मी बघायला गेलो.

"तुम्ही आत जा," ती म्हणाली. "तुम्ही असे कमरेवर हात ठेवून उभे राहिलात की मला मामंजी आल्यासारखं वाटतं. मेथी उगवायची नाही."

तेवढ्यात टँकर येऊन थांबला. मी आत गेलो. दाराच्या फटीतून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. तो तिला सांगत होता की वाळूत लेंड्या कशा घालायच्या, आणि ती म्हणत होती, "तुम्हाला तरी कुठं काय येतंय, भावोजी? टोमॅटो मेले ना तुमचे." तो म्हणाला, "मेले नाय. बदलीला कामी आले." त्यावर दोघं हसली. मग तिनं त्याच्या बायकोबद्दल विचारलं. ती कधी यायची? टँकरचा नळ सोडल्याचा आवाज आला.

मला बाहेर जावंसं वाटलं. ड्रायव्हरांना क्वार्टर मिळत नाहीत याबद्दल, तळावरच्या त्या दिवसांबद्दल, यादीची वाट बघत गप्प राहिलो त्याबद्दल, वडिलांबद्दल, त्यांच्या वडिलांबद्दल, एकदा सगळं नीट सांगून टाकावं असं फार वाटलं. शब्द तयार होते. उठलोसुद्धा.

मग परत बसलो. फार जड गेलं. बाहेर बादली भरत होती, आणि मी खुर्चीचे हात घट्ट धरून, टँकर निघून जाईपर्यंत, तोंड बंद ठेवून बसून राहिलो. त्या बागेपासून त्या दिवसापर्यंत मी केलेलं कष्टाचं काम ते एवढंच.